सेलच्या तिकिटावर माइल्स मिळतात का? मिळतात. पण त्याआधी जीएसटीचं बिल घेतलंत का?

बोरिवलीच्या बॅचमध्ये खर्चाचं सेशन आलं की एक प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, आम्ही माल बघायला विमानाने जातो, तिकीट सेलमध्ये काढतो. त्याच्यावर माइल्स मिळतात का? आणि कुठलं कार्ड घेऊ?" हा प्रश्न इतक्या वेळा आलाय की व्हिडिओत दोन मिनिटांत उरकण्यापेक्षा इथे नीट लिहूनच टाकते.

छोटं उत्तर असं. मिळतात, पण इतके कमी की त्यांच्यासाठी तिकीट निवडणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. माझं मत त्याच्याही पुढचं आहे. छोट्या धंदेवाल्याने पहिली तीन-चार वर्षं माइल्सकडे बघूच नये. नंबर टाकायचा, विसरून जायचं. मन लावायचं ते दुसऱ्या कागदावर, आणि तो कागद आपल्यापैकी बहुतेक जण मागतच नाहीत.

आता हे असं का म्हणते ते सांगते. मत पटलं नाही तर कमेंटमध्ये भांडा, पण आकडे घेऊन भांडा.

माइल्सची गोष्ट सुरू कुठे झाली बघा. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ ला (योगायोगाने आपला महाराष्ट्र दिन) 'अ‍ॅडव्हांटेज' नावाचा कार्यक्रम काढला. तीन वर्षं आधी, १९७८ मध्ये, तिथल्या सरकारने भाडी आणि मार्ग ठरवण्याचं काम सोडून दिलं होतं. कोणीही कुठेही उडवा, कितीही भाडं लावा. मग गिऱ्हाईक टिकवायचं कसं? कंपनीकडे बुकिंगचा कॉम्प्युटर होता, त्यात कोण वारंवार उडतंय ते दिसत होतं. त्या लोकांना सांगितलं, जितके मैल उडाल तितके तुमच्या खात्यात जमा, पुढे एक तिकीट फुकट. आपल्याकडे दूधवाला महिन्याच्या गिऱ्हाइकाला सणाला पाव लिटर जास्त देतो ना, तेच.

पण मैल मोजण्यात एक भोक होतं. मुंबई-दिल्ली बाराशे किलोमीटरच्या आत-बाहेर आहे, तुम्ही तिकिटाला अठरा हजार दिले काय आणि साडेतीन हजार दिले काय, अंतर तेवढंच. म्हणजे स्वस्तात उडणाराही तितकेच माइल्स गोळा करणार. लोकांनी ते बरोबर ओळखलं. मग कंपन्यांनी दोन उपाय केले. पहिला उपाय, एकाच इकॉनॉमी केबिनमध्ये भाड्याचे वेगवेगळे वर्ग करायचे. ई-तिकिटावर प्रत्येकाचं इंग्रजी अक्षर असतं. वरच्या अक्षराला पूर्ण माइल्स, खालच्याला अर्धे-पाव, सगळ्यात स्वस्त अक्षराला कधी शून्य. शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांना एकाच विमानात वेगळे माइल्स मिळतात ते यामुळे. दुसरा उपाय जास्त सरळ होता. मैल मोजणंच बंद करायचं, दिलेले पैसे मोजायचे. डेल्टा आणि युनायटेडने २०१५ मध्ये, अमेरिकनने २०१६ मध्ये ते केलं. डेल्टाने तर २०२२ पासून आपल्या सर्वात स्वस्त 'बेसिक इकॉनॉमी' तिकिटावर माइल्स देणंच बंद केलं.

आपल्याकडेही गाडी त्याच रुळावर आली. एअर इंडियाने २०२४ मध्ये आपला जुना 'फ्लाइंग रिटर्न्स' बदलून खर्चावर आधारित केला आणि पुढे त्याचं नाव 'महाराजा क्लब' झालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा 'क्लब विस्तारा'चे पॉइंट्सही तिकडे वर्ग झाले. इंडिगोने 'ब्लूचिप' आणलं तेही २०२४ मध्येच.

या इंडिगोवर एक मिनिट थांबा. ऑगस्ट २००६ मध्ये पहिलं विमान उडालं. त्यानंतर अठरा वर्षं स्वतःचा असा माइल्सचा कार्यक्रमच नाही! बँकांबरोबरची कार्डं मधे आली, पण 'आमच्याकडे उडा, माइल्स जमवा' असं काही नाही. आणि त्याच अठरा वर्षांत ती देशातली सगळ्यात मोठी कंपनी झाली, देशांतर्गत प्रवाशांपैकी निम्म्याहून जास्त तिच्याकडे. त्याच काळात ज्यांचे माइल्सचे कार्यक्रम सगळ्यात झगमगीत होते त्या जेट आणि किंगफिशर आज कुठे आहेत? भारतीय गिऱ्हाइकाने वेळ आणि भाडं बघून मत दिलं, माइल्स बघून नाही. माल विकणाऱ्याने ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी, असं मला वाटतं.

आता हिशोब करू

माझं मुलुंड पश्चिमेला लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान आहे. आमच्या धंद्यात माल बघायला तीन-चार दिशांना जावं लागतं. होजिअरी तिरुप्पूरची, त्यासाठी कोइम्बतूरचं विमान. फ्रॉक, बाबासूट कोलकात्याच्या मेटियाब्रुजमधून. सुरतेला विमान लागत नाही, बोरिवलीहून फ्लाइंग राणी आहे. (नावात फ्लाइंग असलं तरी तिच्यावर माइल्स मिळत नाहीत, हे एकाने खरंच विचारलं होतं म्हणून लिहिते.) कोलकात्याला रेल्वेने एका बाजूला तीस तासांच्या आसपास जातात. दुकान दोन-तीन दिवस जास्त बंद ठेवण्यापेक्षा किंवा पोऱ्यावर सोडण्यापेक्षा विमान परवडतं, हे मी कागदावर मांडून बघितलेलं आहे.

तर समजा कोलकात्याचं एका बाजूचं तिकीट सेलमध्ये ५,८०० रुपयांना मिळालं. समजा हं, हा आकडा समजण्यासाठी घेतलाय, तुमचं तिकीट तुम्ही उघडून बघा. त्यात मूळ भाडं ४,४०० रुपये. त्यावर ५ टक्के जीएसटी, २२० रुपये. बाकीचे ११८० म्हणजे विमानतळाचे आकार, सुरक्षा शुल्क, बुकिंगची फी वगैरे.

पॉइंट्स मिळतात ते पूर्ण ५,८०० वर नाही. मूळ भाडं आणि कंपनीने स्वतः लावलेला अधिभार असेल तर तो, एवढ्यावरच. कर आणि विमानतळाचे पैसे कंपनीच्या गल्ल्यात राहतच नाहीत, त्यावर ती पॉइंट्स कशाला देईल? समजा शंभर रुपयांना ६ पॉइंट्स आहेत. ४,४०० वर झाले २६४. एका पॉइंटची किंमत वापरताना ४० पैसे पडली असं धरू. झाले १०५ रुपये.

आणि त्याच तिकिटावर जीएसटी किती होता? २२०.

हा जीएसटी तुम्ही परत मिळवू शकता. दुकानाच्या कामासाठी केलेल्या विमानप्रवासाच्या जीएसटीचं इनपुट टॅक्स क्रेडिट मिळतं. म्हणजे तुम्ही विकलेल्या मालावर जो कर सरकारला भरायचा, त्यातून हे २२० वजा. वर्षाला आठ फेऱ्या, म्हणजे सोळा तिकिटं धरली तर ३,५२० रुपये. पॉइंट्सचे त्याच सोळा तिकिटांवर झाले साधारण १,६९०. आणि हे १,६९० नोटा नाहीत, ती एका खात्यातली नोंद आहे. ३,५२० मात्र महिन्याच्या जीएसटी चलनातून थेट कमी होतात.

जास्त काय आहे हे पाचवीतलं पोरगंही सांगेल. तरी बॅचमध्ये 'माइल्स नंबर टाकता का?' विचारलं की निम्मे हात वर येतात. 'तिकीट काढताना जीएसटी नंबर टाकता का?' विचारलं की चाळीस जणांत दोन-तीन.

हे कसं करायचं ते सांगते, कारण इथेच लोक अडकतात. तिकीट म्हणजे बिल नाही. बुकिंग करताना 'जीएसटी तपशील' अशी एक जागा असते, बहुतेक जण ती ओलांडून पुढे जातात. तिथे आपला जीएसटीआयएन आणि दुकानाचं नोंदणीतलं नाव, जसंच्या तसं, टाकायचं. प्रवास झाल्यावर विमान कंपनीच्या वेबसाइटवर पीएनआर टाकून जीएसटी इन्व्हॉइस डाउनलोड करायचं. बुकिंग एखाद्या ट्रॅव्हल वेबसाइटवरून केलं असेल तर दोन बिलं होतात. विमानभाड्याचं बिल विमान कंपनीचं, आणि वेबसाइटने घेतलेल्या सुविधा शुल्काचं बिल वेबसाइटचं, त्यावर १८ टक्के. दोन्ही घ्या. मग आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये ती नोंद आली का बघा. तिथे आली नाही तर क्रेडिट घेता येत नाही, मग कंपनीला मेल करत बसा.

येतानाच्या तिकिटालाही नंबर टाका. नंबर दिलेला असेल तर कराच्या दृष्टीने पुरवठ्याचं ठिकाण म्हणजे तुमच्या नोंदणीचं राज्य, महाराष्ट्र. नंबर नसेल तर विमान जिथून उडालं ते राज्य, म्हणजे पश्चिम बंगाल. त्या कराचा तुम्हाला मुलुंडमध्ये बसून काही उपयोग नाही.

कंपोझिशनमध्ये असाल तर हे क्रेडिट मिळत नाही. नोंदणीच नसेल (मालाच्या धंद्याला महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत साधारण लागत नाही, पण परराज्यात विकत असाल तर नियम वेगळा) तरी नाही. आणि बायको-मुलांना घेऊन गोव्याला गेलात आणि त्या तिकिटांवर दुकानाचा नंबर टाकलात तर ते चुकीचं आहे, तसं करू नका. सीएला विचारून करा, त्याचे पैसे आपण भरतोच.

उधारी कोण कोणाला देतंय?

आपल्या दुकानात पाटी असते, 'आज रोख उद्या उधार'. माइल्स ही बरोबर उलटी पाटी आहे. तुम्ही आज रोख दिलेत, विमान कंपनी म्हणते तुमचं थोडं देणं लागतो, पुढे कधीतरी देऊ. किती देणार? ते ती ठरवणार. कधीपर्यंत? ते ती ठरवणार. कुठल्या तारखेच्या, कुठल्या विमानाच्या सीटच्या रूपात? तेही तीच. अशी उधारी तुम्ही एखाद्या गिऱ्हाइकाला दिली असतीत का, जो म्हणतो, "तुमचे हजार रुपये देणं आहे, पण पुढच्या वर्षी मी ठरवीन त्या हजाराची किंमत किती"?

बीबीए करताना 'कस्टमर लॉयल्टी' असा एक धडा होता. त्यात हे सगळं गिऱ्हाइकाच्या प्रेमाचं म्हणून शिकवलं. हिशोबाची बाजू नंतर धंद्यात कळली. कंपनीच्या ताळेबंदात हे पॉइंट्स देणं म्हणून बसतात. आणि कंपन्या हे पॉइंट्स बँकांना विकतात, बँका ते कार्डधारकांना वाटतात. कोविडमध्ये, २०२० साली, विमानं जमिनीवर उभी होती तेव्हा युनायटेडने आपला माइल्सचा कार्यक्रमच तारण ठेवून अब्जावधी डॉलर्सचं कर्ज उभं केलं. विमान उडत नाही, पण माइल्सच्या वहीवर कर्ज मिळतं! आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच.

आपल्या अंधेरीचंच उदाहरण घ्या. जेट एअरवेजचं मुख्य ऑफिस सहार विमानतळ रस्त्यावर, सिरोया सेंटरमध्ये. १९९३ मध्ये सुरू झालेली कंपनी, घाटकोपर-अंधेरीकडच्या किती घरांतून कोणी ना कोणी तिथे कामाला होतं. 'जेटप्रिव्हिलेज'चं कार्ड पाकिटात असणं ही त्या काळी शान होती. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री शेवटचं विमान उडालं आणि कंपनी थांबली. माइल्सचं काय झालं? तो कार्यक्रम आधीच वेगळी कंपनी करून ठेवला होता, एतिहादचा त्यात मोठा वाटा होता. म्हणून माइल्स एका रात्रीत शून्य झाले नाहीत, त्याच वर्षी 'इंटरमाइल्स' असं नवीन नाव लागलं. पण ज्या विमानासाठी जमवले ते विमानच नाही. उरलं काय, तर दुसऱ्या कंपनीचं तिकीट नाहीतर व्हाउचर. किंगफिशर तर त्याआधीच, ऑक्टोबर २०१२ मध्ये बंद पडली. 'किंग क्लब'चे माइल्स वापरणार कुठे? कामगारांचे पगार राहिले तिथे तुमच्या माइल्सची कोणाला पडलीय.

म्हणजे कंपनी बुडते तेव्हा रांगेत सगळ्यात शेवटी कोण असतं ते लक्षात घ्या. बँका, विमानं भाड्याने देणारे, इंधनवाले, कामगार, मग पैसे भरून तिकीट काढलेले प्रवासी, आणि त्याच्याही मागे माइल्सवाले. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली तेव्हा लोक रोख भरलेल्या तिकिटांचे पैसे मागत फिरत होते. माइल्सचं कोण विचारतो?

स्वस्त तिकीट महाग कुठे पडतं

माझ्या मते सेलच्या तिकिटाबद्दल विचारायचा प्रश्न 'माइल्स किती' हा नाहीच. प्रश्न दोन आहेत. सामान किती किलो, आणि तारीख बदलली तर किती कापणार?

कोलकात्याहून येताना हातात सॅम्पल असतात. देशांतर्गत इकॉनॉमीत साधारण १५ किलो चेक-इन. नवीन माणूस आनंदाने चाळीस-पन्नास पीस उचलतो, काउंटरवर वजन होतं आणि तिथे किलोमागे जे भरतो त्यात वर्षाचे पॉइंट्स वाहून जातात. जास्तीचं वजन आधी ऑनलाइन घेतलं तर काउंटरपेक्षा स्वस्त पडतं. त्याहून बरं म्हणजे सॅम्पल ट्रान्सपोर्टने पाठवायला सांगा, दोन-चार दिवस थांबा. थोड्या वरच्या भाड्याच्या प्रकारात जास्त किलो आणि तारीखबदल दोन्ही येत असेल तर ते तिकीट 'महाग' नाही, हिशोब करून बघा.

तारीख तर बदलतेच. मेटियाब्रुजचा हाट शनिवार-रविवारचा. कारखानदार गुरुवारी फोन करून म्हणतो, "दीदी, माल रेडी नहीं, अगले हफ्ते आइए." सेलच्या तिकिटाचं मूळ भाडं गेलंच समजा. पण एक गोष्ट कायम ध्यानात ठेवा. मूळ भाडं परत मिळणारं नसलं तरी सरकारी कर आणि विमानतळाचे विकास शुल्कासारखे आकार प्रवाशाला परत द्यायला लागतात, डीजीसीएचा तसा नियम आहे. रद्द करण्याचं शुल्कही मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या वर जाऊ शकत नाही. आपल्या उदाहरणात ११८० पैकी बराच भाग परत यायला पाहिजे. लोक 'तिकीट वाया गेलं' म्हणून रद्दच करत नाहीत, नुसते जात नाहीत, आणि ते पैसे मागतही नाहीत. अर्ज करा, मागा. तो तुमचा पैसा आहे.

तिसरा प्रकार म्हणजे एजंटकडची 'फिक्स्ड डिपार्चर' किंवा ग्रुप सीट. एजंटने एका विमानात वीस-तीस सीट आधी उचललेल्या असतात, शेवटी-शेवटी स्वस्तात सोडतो. घाटकोपर, मुलुंडला असे एजंट भरपूर आहेत आणि भाव खरंच चांगला मिळतो. पण बहुतेक कार्यक्रमांच्या नियमांत ग्रुप भाड्याला पॉइंट्स नसतात. त्याहून मोठं म्हणजे तुमच्या जीएसटी नंबरचं बिल बहुतेक वेळा मिळत नाही, कारण बुकिंग एजंटच्या नावाने झालेलं असतं. पैसे देण्याआधी विचारा, "माझ्या जीएसटीआयएनवर एअरलाइनचं बिल मिळेल का?" नाही म्हणाला तर त्या पाच टक्क्यांइतकं भाडं मनातल्या मनात वाढवा आणि मग तुलना करा. तरीही स्वस्त पडलं तर खुशाल घ्या.

क्रेडिट कार्डाबद्दल थोडक्यातच. ज्याचं बिल महिन्याच्या महिन्याला पूर्ण भरलं जातं त्याने पॉइंट्सवालं कार्ड वापरायला हरकत नाही. 'मिनिमम ड्यू' भरणाऱ्याने ते कार्ड घरात ठेवावं. महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज असतं. दोन-अडीच टक्क्यांचे पॉइंट्स एकदा मिळवून दर महिन्याला साडेतीन टक्के देणं, याला धंदा म्हणत नाहीत. कांदिवलीच्या एका विद्यार्थिनीने माल खरेदीसुद्धा कार्डावर फिरवली होती, का तर मुलांना दुबईला फुकट न्यायचं होतं. दिवाळीचा माल अडकला आणि चार महिने व्याज भरलं. दुबईचं तिकीट त्याच्या आत आलं असतं.

मग कोणीच माइल्स जमवू नयेत का? तसं नाही. ज्याचा माल ग्वांगझू-इवूहून येतो, जो वर्षाला चार-पाच लांबच्या फेऱ्या करतो, त्याचं गणित वेगळं. एअर इंडिया जुलै २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे. त्यामुळे एका कार्यक्रमातला नंबर दुसऱ्या सदस्य कंपनीच्या विमानावर चालतो. पण तिथे ते अक्षराचं प्रकरण येतं. तिकीट काढण्याआधी बुकिंग क्लासचं अक्षर बघा आणि ज्या कार्यक्रमात जमा करायचं त्याच्या तक्त्यात त्या अक्षराला किती टक्के आहेत ते बघा. सेलच्या भाड्याचं अक्षर शून्यावर असलं तर कितीही लांब उडा, शून्यच. आणि वरचा दर्जा मिळाला, सिल्व्हर-गोल्ड वगैरे, तर व्यापाऱ्याला त्याचा खरा फायदा पॉइंट्सचा नसतो, जास्तीच्या सामानाचा असतो.

बाकीच्यांनी एवढंच करायचं. सदस्यत्व फुकट आहे, घ्या. नंबर प्रत्येक तिकिटावर टाका. दोन विमानं एकाच वेळेची, एकाच भावाची असतील तर पॉइंट्सवालं घ्या. भावात तीनशे रुपयांचा फरक असेल तर स्वस्तातलं घ्या, कार्ड कुठलंही असो. नाव मात्र जुळलं पाहिजे. आपल्या मराठी नावांत स्वतःचं, वडिलांचं, आडनाव असे तीन तुकडे. आधारवर तिन्ही, खात्यात दोन, तिकिटावर कसेही. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं तर विचारूच नका. नाव जुळलं नाही की पॉइंट्स लटकतात. बोर्डिंग पास जपून ठेवा, राहिलेले पॉइंट्स मागायला ठरावीक मुदत असते.

आता काउंटरच्या आतल्या बाजूला या

हा सगळा विषय मी प्रवासासाठी कमी आणि दुकानासाठी जास्त शिकवते. तुमच्यातले अर्धे जण दुकान टाकल्यावर तिसऱ्या महिन्यात 'लॉयल्टी कार्ड' छापायला जाणार आहात, मला माहितेय. कोणीतरी सॉफ्टवेअरवाला येतो, 'शंभर रुपयांना पाच पॉइंट्स' सेट करून जातो. सेलच्या मालावरही तेच पॉइंट्स, नव्या मालावरही तेच.

विमान कंपनीला विचारा, ती असं करते का? तिने चाळीस वर्षं लावून शिकलेली गोष्ट आहे ही. ज्या मालावर नफा आधीच कापलाय त्यावर पुन्हा बक्षीस द्यायचं नाही. माझ्या दुकानात सेलच्या टॅगच्या मालावर पॉइंट्स नाहीत, आणि तसं बिलावर मराठीत मोठ्या अक्षरात छापलंय. कोणी विचारलं तर सांगते, "ताई, हा भाव आधीच पाडलाय." भांडण होत नाही, कारण आधी सांगितलेलं असतं. पॉइंट्सला एक वर्षाची मुदत आहे. आणि दर महिन्याच्या शेवटी किती पॉइंट्स लोकांकडे बाकी आहेत त्याचे रुपये काढून वहीत एका ओळीत लिहिते, उधारीच्याच पानावर. मार्चमध्ये तो आकडा बघून पुढच्या वर्षी किती द्यायचे ते ठरतं.

एका गोष्टीत मात्र मी विमान कंपनीसारखी वागत नाही. दिलेल्या पॉइंट्सची किंमत मधेच कमी करत नाही. त्यांच्याकडे आकाश आहे, दोन-तीन कंपन्यांशिवाय गिऱ्हाईक जाणार कुठे? माझ्या दुकानाच्या समोर आणि शेजारी मिळून चार दुकानं आहेत.

शेवटचा मुद्दा भागीदारीत धंदा करणाऱ्यांसाठी. तिकिटाचे पैसे फर्मच्या खात्यातून जातात, पण माइल्स जमा होतात उडणाऱ्याच्या वैयक्तिक खात्यात. दोन भाऊ किंवा दोन मैत्रिणी, एक कायम खरेदीला जाते, दुसरी दुकान सांभाळते. तीन वर्षांनी पहिलीच्या घरचे फुकट तिकिटावर फिरायला गेले की दुसरीच्या घरी बोलणं निघतं. रक्कम पाच-सात हजारांची असते, पण मन त्याहून जास्त बिघडतं. काही विमान कंपन्यांची छोट्या व्यवसायांसाठी वेगळी खाती आणि वेगळी भाडी असतात, जीएसटी नंबरवर उघडता येतात, ती बघा. नाहीतर भागीदारीच्या करारात एक ओळ घाला की फर्मच्या पैशाच्या तिकिटांचे माइल्स पुन्हा फर्मच्याच तिकिटांसाठी वापरायचे.

आणि मागच्या आर्थिक वर्षातली विमानाची तिकिटं ज्यांच्या मेलमध्ये पडून आहेत, त्यांनी आजच पीएनआर काढून इन्व्हॉइस डाउनलोड करून बघा. जीएसटी नंबर टाकलेला असेल आणि क्रेडिट घ्यायचं राहून गेलं असेल तर पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत घेता येतं, वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर तोपर्यंतच. त्यानंतर ते गेलं.